ब्रॅडलॉमुळे इंग्लंड निधर्मी झालं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार्ल्स ब्रॅडलॉ हा ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून आलेला पहिला उघड नास्तिक. आज इंग्लंडातली चर्च ओस पडली आहेत, याचं श्रेय त्याच्यासारख्या चळवळ्यांना द्यायचं का? आणि गांधीजी त्याच्या अंत्यविधीला गेले होते, ते त्याच्या विचारांच्या प्रभावामुळे का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. चर्च ओस पडण्याशी ब्रॅडलॉचा संबंध फार थोडा. पण न्यायालय, पार्लमेंट, छापखाना अशा ठिकाणी माणसाला 'तू देव मानतोस का' असं विचारून मगच आत घ्यायची जी रीत होती, ती मोडण्यात त्याचा वाटा मोठा आहे. लोकांच्या मनातली श्रद्धा ओसरणं वेगळं आणि राज्यव्यवहारातून श्रद्धेची अट निघून जाणं वेगळं. हा काळ मी बरीच वर्षं शिकवत आलो आहे, आणि या दोन्हींची सरमिसळ विद्यार्थीच करतात असं नाही, चांगली जाडजूड पुस्तकं लिहिणारेही करतात. इंग्लंडच्या बाबतीत या दोन घटनांमध्ये जवळजवळ ऐंशी वर्षांचं अंतर आहे. अटी एकोणिसाव्या शतकात गेल्या, श्रद्धेचा बांध खऱ्या अर्थाने फुटला तो १९६० नंतर.

आता माणसाबद्दल. ब्रॅडलॉचा जन्म १८३३ चा, लंडनच्या हॉक्स्टन भागातला. बाप वकिलाच्या कचेरीत कारकून. पोरगा हुशार आणि धार्मिक, रविवारच्या शाळेत लहान मुलांना बायबल शिकवायचा. बिशप येणार म्हणून पॅकर नावाच्या स्थानिक पाद्र्याने त्याला तयारी करायला सांगितली. याने चर्च ऑफ इंग्लंड या अधिकृत चर्चची एकोणचाळीस धर्मकलमं आणि बायबलातली चारही शुभवर्तमानं शेजारीशेजारी ठेवून वाचली, मेळ बसेना, म्हणून पाद्र्यालाच पत्र लिहून शंका विचारल्या. पाद्र्याने उत्तर न देता त्याला शिकवण्यावरून दूर केलं आणि बापाला कळवलं की पोरगा नास्तिक झालाय. तोवर तो झालेला नव्हता. सोळाच्या आसपास घर सुटलं. आसरा दिला एलिझा शार्पल्स या बाईने. रिचर्ड कार्लाइल या मुद्रकाची ती सहचारिणी. थॉमस पेनचं धर्मचिकित्सेचं पुस्तक छापल्याबद्दल कार्लाइलने १८१९ पासून सहा वर्षं डॉर्चेस्टरच्या तुरुंगात काढली होती. म्हणजे पोरगं घरातून बाहेर पडलं ते नेमकं इंग्लंडातल्या जुन्या, कारागीर वर्गातल्या नास्तिक परंपरेच्या ओसरीवर जाऊन पडलं.

ही परंपरा नीट समजून घ्यायला हवी, कारण आपल्याकडे सगळं डार्विनपासून सुरू करायची सवय आहे. डार्विनचं पुस्तक १८५९ चं. ब्रॅडलॉची ख्रिस्ती धर्ममतावरची पहिली पुस्तिका १८५० ची. सुझन बड या अभ्यासिकेने त्या चळवळीतल्या लोकांच्या आत्मकथा आणि मृत्युलेख तपासले, तेव्हा श्रद्धा गेल्याचं कारण म्हणून डार्विनचं नाव अगदी तुरळक आढळलं. वारंवार आढळलं ते पेन, आणि त्याहून गमतीचं म्हणजे खुद्द बायबल. चांभार, विणकर, छापखान्यातले जुळारी अशी ही माणसं बायबल मनापासून वाचायची आणि त्यातला सूडबुद्धीचा देव, अनंतकाळचा नरक, निरपराध्याला शिक्षा हे त्यांच्या न्यायबुद्धीला पटत नसे. आक्षेप नीतीचा होता, विज्ञानाचा नंतर आला. त्याच्या जोडीला राग होता तो श्रीमंत पाद्र्यांचा आणि जबरदस्तीने वसूल होणाऱ्या चर्चपट्टीचा.

ब्रॅडलॉच्या आधीचा मोठा माणूस जॉर्ज जेकब होलिओक. १८४२ साली चेल्टनहॅमच्या व्याख्यानात तो म्हणाला की देशात दारिद्र्य इतकं आहे, तर देवालाही अर्ध्या पगारावर ठेवावं. या वाक्यापायी ग्लॉस्टरच्या तुरुंगात सहा महिने, आणि तो आत असतानाच त्याची लहान मुलगी गेली. 'सेक्युलॅरिझम', म्हणजे इहवाद, हा शब्द त्याने १८५१ मध्ये चलनात आणला. त्याचं म्हणणं होतं की परलोकाचा वाद बाजूला ठेवा, या जगातलं माणसाचं हित हा पाया धरा, मग उदारमतवादी ख्रिस्ती माणूसही आपल्यासोबत चालेल. ब्रॅडलॉला हे पटत नव्हतं. इहवाद शेवटपर्यंत नेला की नास्तिकतेलाच पोहोचतो, मग आडवळणं कशाला, हा त्याचा युक्तिवाद. १८७० मध्ये दोघांनी जाहीर सभेत यावर वाद घातला. या वादात होलिओक बरोबर होता असं माझं मत आहे. पण चळवळ उभी केली ब्रॅडलॉने. १८६० पासूनचं 'नॅशनल रिफॉर्मर' हे वृत्तपत्र, १८६६ ची नॅशनल सेक्युलर सोसायटी, गावोगावची व्याख्यानं, 'आयकॉनोक्लास्ट' म्हणजे मूर्तिभंजक हे टोपणनाव. अंगापिंडाने दणकट, आवाज खणखणीत, काही काळ पलटणीत काढलेला आणि वकिलाच्या कचेरीत कारकुनी केलेला. या कारकुनीचं महत्त्व त्याच्या चरित्रकारांना पुरेसं वाटलेलं दिसत नाही. मला ते व्याख्यानांपेक्षा जास्त वाटतं. कायद्याचं कलम कुठे सैल आहे हे त्याला दिसायचं, आणि तो स्वतःचे खटले स्वतःच चालवायचा.

१८६८ मध्ये सरकारने त्याच्या पत्रावर खटला भरला. स्वस्त वृत्तपत्रांनी राजद्रोह किंवा धर्मनिंदेच्या शक्यतेपोटी आधीच जामीन भरून ठेवावा असा एक जुना, जवळपास विसरला गेलेला कायदा होता. याने जामीन भरला नाहीच, उलट 'सरकारला न जुमानता छापलेला अंक' अशी ओळ अंकावर छापली. खटला फसला, १८६९ मध्ये कायदाही रद्द झाला. त्याच सुमारास पैशाच्या एका दाव्यात न्यायालयाने त्याची साक्ष घ्यायला नकार दिला, कारण देव न मानणाऱ्याच्या शपथेला किंमत नाही. यातला अन्याय विचार करण्याजोगा आहे. नास्तिकाच्या घरी चोरी झाली, त्याने चोर डोळ्यांनी पाहिला, तरी त्याची साक्ष शून्य. आणि खोटं बोलून 'मानतो' म्हणणाऱ्याची साक्ष मात्र चालणार. १८६९ आणि १८७० च्या पुराव्याविषयीच्या दुरुस्ती कायद्यांनी अशा साक्षीदाराला शपथेऐवजी, देवाचं नाव न घेता, प्रतिज्ञा करायची मुभा दिली. सामान्य माणसाच्या दृष्टीने हा पार्लमेंटच्या लढ्याहून मोठा बदल होता, पण त्यात नाट्य नाही म्हणून त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

१८७७ चा संततिनियमनाचा खटला सगळ्यांना माहीत असतो, कारण त्यात ॲनी बेझंट आहेत. अमेरिकन डॉक्टर नोल्टन यांची जुनी पुस्तिका दोघांनी मुद्दाम पुन्हा छापली, सहा पेन्सला विकली आणि स्वतःहून पोलिसांना कळवलं. सहा महिने कैद आणि दोनशे पौंड दंड झाला, पण अपिलात आरोपपत्रातल्या तांत्रिक चुकीवर शिक्षा रद्द झाली. किंमत मोजली बेझंटबाईंनी. त्यांची मुलगी न्यायालयाने त्यांच्याकडून काढून घेतली. र. धों. कर्व्यांवरचे खटले ज्यांना आठवतात त्यांना ही सगळी मांडणी ओळखीची वाटेल: आरोप अश्लीलतेचा, आणि खरा राग असा की हे ज्ञान गरिबाच्या हाती का दिलं. महागड्या वैद्यकीय ग्रंथात तेच छापलेलं चालत होतं. होलिओक या खटल्यात ब्रॅडलॉच्या बाजूने उभा राहिला नाही आणि चळवळ फुटली.

आता मुख्य प्रकरण. नॉर्थॅम्प्टन हे जोडे बनवणाऱ्यांचं गाव, जहाल मतांचं. ब्रॅडलॉ तिथून १८६८ आणि १८७४ मध्ये हरला, १८८० मध्ये निवडून आला. ३ मे १८८० ला त्याने सभापतींना सांगितलं की मला शपथेऐवजी प्रतिज्ञा करू द्या. क्वेकर पंथीयांना ती सवलत होतीच, आणि 'कायद्याने ज्यांना प्रतिज्ञेची परवानगी आहे अशा इतरांना' असेही शब्द कायद्यात होते. साक्षीच्या कायद्याने मला ती परवानगी दिली आहे, तेव्हा मी त्या 'इतरांत' येतो, हा त्याचा मुद्दा. खास समितीने एका मताच्या फरकाने तो फेटाळला. मग तो म्हणाला, ठीक आहे, शपथ घेतो. पण घेण्याआधी वृत्तपत्रात पत्र प्रसिद्ध केलं की त्यातले देवाचे शब्द माझ्या लेखी निरर्थक आहेत, बंधन मात्र मी पाळीन. झालं. प्रतिज्ञा करायला अपात्र, कारण कायदा लागू नाही; शपथ घ्यायला अपात्र, कारण ती मनापासून नाही. माणसाला दोन्ही दारं बंद.

पुढची सहा वर्षं म्हणजे प्रहसन होतं, पण त्यात रक्त आटलं ते एकाच माणसाचं. २३ जून १८८० ला त्याने सभागृहाबाहेर जायला नकार दिला म्हणून घड्याळाच्या मनोऱ्यातल्या कोठडीत ठेवलं, दुसऱ्या दिवशी सोडलं. तिथे कैद झालेला तो शेवटचा सदस्य. जुलैमध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या ठरावाने त्याला स्वतःच्या जोखमीवर प्रतिज्ञा करू दिली. तो बसला, मतदान केलं, आणि त्याच दिवशी क्लार्क नावाच्या एकाने दावा ठोकला. कायदा असा होता की शपथ न घेता मत दिलं तर प्रत्येक मतामागे पाचशे पौंड दंड, आणि तो कुणीही खाजगी माणसाने वसूल करावा. न्यायालयाने प्रतिज्ञा अवैध ठरवली, जागा गेली. एप्रिल १८८१ च्या पोटनिवडणुकीत नॉर्थॅम्प्टनने त्याला १३२ मतांनी परत पाठवलं. ३ ऑगस्टला तो आत जाऊ लागला तेव्हा पोलीस आणि शिपायांनी धक्काबुक्की करून, कोट फाडून त्याला बाहेर अंगणात काढलं. फेब्रुवारी १८८२ मध्ये त्याने सरळ टेबलापाशी जाऊन खिशातून कागद आणि बायबल काढलं, स्वतःच स्वतःला शपथ दिली आणि सही केली. सभागृहाने हाकललं, मतदारांनी पुन्हा निवडलं. १८८४ मध्ये पुन्हा तेच, या वेळी मताधिक्य ३६८.

दरम्यान न्यायालयातली लढाई वेगळी चालू होती, आणि ती जास्त वाचनीय आहे. क्लार्क स्वतः फाटका माणूस. त्याच्यामागे पैसा होता न्यूडिगेट या धनाढ्य खासदाराचा. दुसऱ्याच्या दाव्याला असा पैसा पुरवणं हा जुन्या कायद्यात गुन्हा होता, तो कुणाच्या लक्षात नव्हता. ब्रॅडलॉने तो धुंडाळून काढला, न्यूडिगेटवर दावा लावला आणि जिंकला. १८८३ मध्ये लॉर्डांच्या सभागृहाने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ठरवलं की हा दंड वसूल करायचा अधिकार फक्त राजसत्तेला आहे, क्लार्कला नव्हताच. म्हणजे तीन वर्षांचा सगळा खटाटोप मुळातच फोल. याच काळात विरोधकांनी त्याला दुसऱ्याच्या वृत्तपत्रातल्या धर्मनिंदेच्या खटल्यातही गोवायचा प्रयत्न केला. तो निर्दोष सुटला, पत्राचा संपादक फूट मात्र एक वर्ष तुरुंगात गेला. शिक्षा ऐकून फूट न्यायाधीशाला म्हणाला की ही शिक्षा तुमच्या धर्माला शोभणारी आहे.

प्रश्न असा पडतो की एका माणसामागे एवढं लागायचं कारण काय. सभागृहात दुसरे नास्तिक नव्हते का? होते की. नॉर्थॅम्प्टनचाच दुसरा सदस्य लाबुशेर श्रद्धेच्या नावाने शंख होता. त्याने निमूटपणे शपथ घेतली आणि पुढे स्वतःला 'नॉर्थॅम्प्टनचा ख्रिस्ती सदस्य' म्हणवून थट्टा करायचा. अज्ञेयवादी जॉन मोर्ली १८८३ मध्ये आला, शपथ घेऊन बसला, पुढे मंत्री झाला. सुशिक्षित, सभ्य, हळू आवाजातली अश्रद्धा उच्चवर्गाला खुपत नव्हती. ब्रॅडलॉ कारकुनाचा पोरगा, राजेशाहीचा उघड विरोधक, संततिनियमनाची पुस्तिका विकणारा, आणि त्याच्या सभेला कारखान्यातले मजूर येत. त्याची नास्तिकता हे निमित्त होतं असं म्हणणं अतिशयोक्त ठरेल, पण नुसती नास्तिकता असती तर एवढं रामायण घडलं नसतं. विरोधी बाकावरच्या लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल आणि त्याच्या तीन साथीदारांना तर ग्लॅडस्टनला अडचणीत आणायला हे आयतं कोलीत मिळालं. आयरिश सदस्यांची गत आणखी चमत्कारिक. आयर्लंडवरच्या दडपशाहीविरुद्ध ब्रॅडलॉ त्यांच्या बाजूने उभा राहिला होता, पण कॅथलिक बिशपांचा शब्द मोडवेना म्हणून बहुतेकांनी त्याच्याविरुद्ध मत दिलं. इंग्लंडातल्या कॅथलिकांचा प्रमुख कार्डिनल मॅनिंग या मोहिमेत पुढे होता.

आणि दुसऱ्या टोकाला ग्लॅडस्टन. एवढा निष्ठावान ख्रिस्ती पंतप्रधान इंग्लंडला क्वचितच लाभला असेल, आणि त्यानेच २६ एप्रिल १८८३ ला प्रतिज्ञेच्या विधेयकावर आपलं एक उत्तम भाषण केलं. मुद्दा साधा होता. तुमच्या शपथेत ख्रिस्त नाही, नुसता 'देव' आहे. माणसांच्या सुखदुःखाशी ज्याला काही घेणंदेणं नाही अशा कुठल्यातरी दूरच्या देवाला मानणाराही ती घेऊ शकतो. यासाठी त्याने ल्युक्रेशियस या रोमन कवीच्या लॅटिन ओळी म्हणून दाखवल्या. समोरच्या किती जणांना कळल्या देव जाणे. तेव्हा ही अट ख्रिस्ती धर्माचं रक्षण करत नाही, उलट अन्यायाशी धर्माचं नाव जोडते. विधेयक २८९ विरुद्ध २९२ असं तीन मतांनी पडलं.

शेवट अगदी कोरडा झाला. जानेवारी १८८६ मध्ये नवं पार्लमेंट भरलं, सभापती पील म्हणाले की सदस्य शपथ घ्यायला आला आहे, त्याला अडवायचा अधिकार मला नाही आणि कुणालाच नाही. हरकत ऐकूनच घेतली नाही. ब्रॅडलॉने शपथ घेतली आणि बसला. हेच १८८० मध्ये आधीचे सभापती ब्रँड म्हणू शकले असते. दोन वर्षांनी त्याने स्वतःच प्रतिज्ञेचा कायदा मंजूर करून घेतला, १८८८ चा. आता धर्म नाही म्हणून किंवा धर्माला शपथ मंजूर नाही म्हणून, दोन्ही कारणांनी न्यायालयात आणि पार्लमेंटमध्ये प्रतिज्ञा चालू लागली. तोवर सभागृहाला तो आवडूही लागला होता. २७ जानेवारी १८९१ ला त्याच्याविरुद्धचा १८८० चा ठराव कामकाजाच्या नोंदीतून खोडायचं एकमताने ठरलं. तेव्हा तो शेवटच्या आजारात बेशुद्ध होता. ३० तारखेला गेला.

हे सगळं वाचून वाटेल की मग इंग्लंडची राज्ययंत्रणा याच माणसाने निधर्मी केली. इथे जरा थांबावं लागतं. धर्माच्या अटी तोडायचं काम ब्रॅडलॉच्या आधी पन्नास वर्षं चालू होतं आणि ते करणारे बहुतेक कडवे ख्रिस्ती होते. अधिकृत चर्चच्या बाहेरचे मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, काँग्रिगेशनल, क्वेकर. त्यांना राज्यातून धर्म काढायचा नव्हता, शेजाऱ्याच्या चर्चचा जाच नको होता. १८२८ मध्ये सरकारी पदांसाठीची धार्मिक कसोटी गेली, १८२९ मध्ये कॅथलिकांना पार्लमेंट खुलं झालं. १८३६ च्या कायद्याने चर्चशिवाय, निबंधकासमोर लग्न करता येऊ लागलं. ज्यू असलेला लायनेल रॉथ्सचाइल्ड १८४७ ला निवडून आला आणि शपथेतल्या ख्रिस्ती शब्दांपायी १८५८ पर्यंत बाहेर ताटकळला. ब्रॅडलॉ प्रकरणाची ही रंगीत तालीमच. १८६८ मध्ये सक्तीची चर्चपट्टी बंद, १८७१ मध्ये ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या धार्मिक कसोट्या रद्द, १८८० मध्ये गावच्या चर्चच्या आवारात वेगळ्या पद्धतीने किंवा विधीशिवाय दफन करायची मोकळीक. या यादीत नास्तिकांचं नाव जवळजवळ कुठेच नाही. एका पंथाची सक्ती दुसऱ्या पंथाला सहन होत नव्हती आणि राज्याला सगळ्यांकडून कर हवा होता, शांतता हवी होती. म्हणून एकेक अट गळत गेली. आधी प्रोटेस्टंट असणं पुरे झालं, मग ख्रिस्ती असणं, मग कुठलातरी देव असणं. रांगेत शेवटी उरला तो ब्रॅडलॉ, आणि तो आत आल्यावर विचारण्यासारखं काही उरलंच नाही. त्याचं ऐतिहासिक महत्त्व या शेवटच्या पायरीत आहे, आणि ते कमी नाही. तत्त्व खरं आहे की सोयीपुरतं, हे शेवटच्या माणसावरच कळतं.

आता लोकांची श्रद्धा. ३० मार्च १८५१ च्या रविवारी सरकारने एकदाच, सगळ्या इंग्लंड-वेल्समधल्या प्रार्थनास्थळांतली उपस्थिती मोजली. होरेस मान यांच्या अहवालाने दोन धक्के दिले. जे येऊ शकले असते तरी आले नाहीत असे सुमारे ५३ लाख लोक, एक कोटी ऐंशी लाखांच्या आसपासच्या लोकसंख्येत. आणि जे आले त्यातले निम्म्याच्या जवळपास अधिकृत चर्चबाहेरच्या पंथांचे. म्हणजे ब्रॅडलॉ सतरा वर्षांचा होता तेव्हाच शहरी मजूर चर्चपासून दूर होता, पण तो नास्तिक नव्हता, उदासीन होता. लग्न, बारसं, दफन चर्चमध्ये, बाकी रविवार आपला. नास्तिक व्याख्यात्यांनाही हा उदासीन मजूर तितकाच अवघड गेला. सेक्युलर सोसायटीची सभासदसंख्या ऐन भरातही काही हजारांच्या पुढे गेली नाही. शतकाच्या शेवटी चळवळ ओसरली, त्यालाही धर्म कारण नव्हता. ब्रॅडलॉ कट्टर व्यक्तिवादी होता, समाजवाद त्याला मान्य नव्हता. १८८४ मध्ये त्याने समाजवादी नेता हाइंडमनशी जाहीर वाद घातला आणि टाळ्या घेतल्या, पण तरुण मजूर हळूहळू समाजवाद्यांकडे गेले. बेझंटबाईही आधी तिकडे गेल्या आणि मग थिऑसफीत.

ओहोटीचा मोठा टप्पा १९६० च्या दशकात आला. त्यामागे स्त्रियांच्या आयुष्यातले बदल, मोकळा वेळ, शिक्षण, घरात मुलांना धर्माचे धडे देणारी पिढीच थांबणं अशी कारणं अभ्यासक देतात. यातल्या कशाला किती वजन द्यायचं यावर वाद आहे, पण व्याख्यानं आणि पुस्तिका कुणाच्याच यादीत वर नाहीत. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणणारे ४६.२ टक्के निघाले, 'धर्म नाही' म्हणणारे ३७.२. आणि गंमत बघा, याच इंग्लंडमध्ये आजही अधिकृत चर्च आहे, राजा त्याचा प्रमुख आहे आणि कॉमन्सचं रोजचं कामकाज अँग्लिकन प्रार्थनेने सुरू होतं. धर्मनिंदेचा जुना गुन्हा तर २००८ पर्यंत पुस्तकात होता. उलट अमेरिकेने संविधानातच राज्य आणि चर्च वेगळे केले, तिथे श्रद्धा कितीतरी जास्त काळ टिकून राहिली. कायद्यातलं वेगळेपण आणि मनातली श्रद्धा यांचं गणित सरळ नाही हे कळायला ही दोन उदाहरणं पुरेत. समाजशास्त्रज्ञ होझे कासानोव्हा यांनी १९९४ मध्ये म्हणूनच या प्रक्रियेचे तीन भाग केले: संस्था धर्मापासून स्वतंत्र होणं, श्रद्धा आणि आचार घटणं, धर्म खाजगी होणं. यातलं एक घडलं म्हणून बाकीची दोन घडतीलच असं नाही. त्याच क्षेत्रातले पीटर बर्गर यांनी तर आधुनिकता आली की धर्म मागे पडतो हा आपला सिद्धांत नव्वदच्या दशकात जाहीरपणे मागे घेतला.

भारताचा संबंध बराच खरा आहे. ब्रॅडलॉ पार्लमेंटमध्ये भारतीय प्रश्न इतक्या चिकाटीने मांडायचा की त्याला 'भारताचा सदस्य' म्हणत. डिसेंबर १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला तो आजारातून उठून आला. अध्यक्ष होते वेडरबर्न, पण लोक बघायला आले ते ब्रॅडलॉला. कायदेमंडळात भारतीय प्रतिनिधी निवडून यावेत असं विधेयक त्याने १८९० मध्ये मांडलं. १८९२ च्या तोकड्या कायद्यामागे तो दबाव होता. लाहोरला त्याच्या नावाचं सभागृह उभं राहिलं. गमतीचा भाग असा की ज्या सवलतीसाठी तो लढला ती हिंदुस्थानात हिंदू आणि मुसलमानांना कंपनी सरकारने १८४० च्या कायद्यानेच दिली होती. इथल्या न्यायालयांत ते शपथेऐवजी प्रतिज्ञा करत. तत्त्वापेक्षा सोय होती ती. गंगाजल आणि कुराणावरच्या शपथांचे वाद कंपनीला नको होते.

गांधीजींचं सांगायचं तर ते तेव्हा लंडनमध्ये कायदा शिकणारे एकवीस वर्षांचे विद्यार्थी होते. ब्रूकवुडच्या दफनभूमीत कुठलाही धार्मिक विधी न होता ब्रॅडलॉला पुरलं, तिथे ते हजर होते. पण ते गेले भारताच्या कैवाऱ्याला निरोप द्यायला. लंडनमधला बहुधा प्रत्येक हिंदी माणूस तिथे होता असं त्यांनीच लिहिलं आहे. परतताना स्टेशनवर एका कडव्या नास्तिकाने तिथल्या पाद्र्याला गाठून तुमच्या देवाचा आकार केवढा, तो राहतो कुठे, असं डिवचलं. पाद्री शांतपणे म्हणाला, तो आपल्या दोघांच्याही हृदयात आहे. नास्तिकाने त्याची टर उडवली, पाद्री गप्प राहिला. या संभाषणाने नास्तिकतेविषयीची आपली अढी उलट वाढली, असं गांधीजी लिहितात.